न मोडणारा बंध

‘अळवावरचे पाणी’ म्हणजे क्षणभंगुर, हे आपण मराठीच्या तासाला शिकतो. पण तो थेंब पानाला चिकटत का नाही, असा प्रश्न आपल्या कला शाखेत सहसा कोणी विचारीत नाही. पानावर मेणाचा बारीक थर असतो, त्यावर पाणी पसरत नाही. तेल मात्र मेणावर पसरते. पाणी आणि तेल या दोहोंनाही झिडकारणारा थर हवा असेल, तर फ्लोरीनकडे जावे लागते. अशा थरांच्या कुळातला एक पदार्थ आज साऱ्या जगाला डोईजड झाला आहे. त्याचे नाव परफ्लुरोऑक्टेन सल्फोनिक आम्ल. उच्चारताना जीभ अडखळते, म्हणून शास्त्रज्ञही ‘पीएफओएस’ म्हणूनच मोकळे होतात.

आठ कार्बन अणूंची एक साखळी डोळ्यांसमोर आणा. एरवी अशा साखळीभोवती हायड्रोजनचे अणू असतात; येथे त्या सतराही जागांवर फ्लोरीन बसलेला आहे. एका टोकाला गंधक व ऑक्सिजन यांचा आम्लधर्मी गट. साबणाचा रेणूही असाच, डोके पाण्यात आणि शेपूट तेलात रमणारे. पीएफओएसची शेपटी मात्र पाण्याला जवळ करीत नाही आणि तेलालाही नाही.

हा पदार्थ तयार करण्याची रीत पेन्सिल्व्हेनियातील जोसेफ सायमन्स यांनी काढली आणि १९४९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ऑक्टेन सल्फोनिल फ्लोराइड हे द्रव्य निर्जल हायड्रोजन फ्लोराइडमध्ये विरघळवतात आणि निकेलच्या पट्ट्यांमधून पाच-सहा व्होल्टचा विद्युतप्रवाह सोडतात. (काचेचे पात्र येथे चालत नाही, हायड्रोजन फ्लोराइड काचच खाते!) साखळीवरचे हायड्रोजन एकेक करून जातात आणि त्यांच्या जागी फ्लोरीन येतो. या धुमश्चक्रीत काही साखळ्या तुटतात, काहींना फांद्या फुटतात. त्यामुळे हाती येणाऱ्या मालात सरळ साखळ्या सुमारे सत्तर टक्केच असतात. मग अल्कलीशी क्रिया घडवली की पीएफओएसचा क्षार मिळतो.

अमेरिकेतील थ्री-एम कंपनीने हे तंत्र उचलले. १९५३ मध्ये तिच्या प्रयोगशाळेत फ्लोरीनयुक्त द्रव्याचे थेंब एका मदतनीस मुलीच्या कॅनव्हासच्या बुटावर सांडले. डाग धुऊन निघेना, आणि पुढे तेवढ्या भागावर मळही बसेना! पॅट्सी शर्मन आणि सॅम स्मिथ यांनी त्या सांडलवंडीतून कापडाचे संरक्षक द्रव्य घडवले. नंतर आगीचा फेस आला. पेट्रोलवर पाणी ओतले तर ते तळाशी जाते आणि आग पेटतीच राहते. पीएफओएसयुक्त फेसातून मात्र पाण्याचा पातळ पापुद्रा पेट्रोलवर पसरतो आणि ज्वाळांची हवा तोडतो. विमानतळांवर या फेसाने माणसे वाचवली, हे विसरून चालणार नाही.

अडचण नेमकी या गुणातच होती. कार्बन-फ्लोरीन हा सेंद्रिय रसायनांतील सर्वांत बळकट एकेरी बंध. ऊन, पाऊस, जंतू, आपले यकृत, कोणालाही तो सहजासहजी मोडता येत नाही. पीएफओएस चरबीत साठत नाही, तर रक्तातील प्रथिनांना चिकटते, आणि शरीरातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे पाच वर्षे लागतात. २००१ मध्ये जॉन गीझी आणि कुरुंथाचलम कन्नन यांनी ते ध्रुवीय अस्वलांत, गरुडांत आणि सीलमध्ये सापडल्याचे दाखवले. ज्या अस्वलाने गालिचा कधी पाहिला नाही, त्याच्या अंगात गालिच्याचे औषध! त्याच्या आदल्याच वर्षी थ्री-एमने उत्पादन थांबवण्याची घोषणा केली होती. २००९ मध्ये स्टॉकहोम कराराने त्यावर जागतिक निर्बंध घातले, तरी काही वापरांना सवलत ठेवावी लागली. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘कदाचित कर्ककारक’ या गटात टाकले.

पाण्यातून ते काढता येते. सक्रिय कोळशाच्या थरातून पाणी गाळले की बरेचसे पीएफओएस कोळशाला चिकटून राहते. पण ते फक्त चिकटते, मोडत नाही. ते मोडण्यासाठी तो कोळसा पुढे हजार अंशांहून अधिक तापलेल्या भट्टीत घालावा लागतो.