शेजारच्या घरचा गरम स्वयंपाक

शेजारच्या घरातील गृहिणी आजारी पडली की रुक्मिणीबाई भावे त्या घरचा स्वयंपाक करावयास जात. परंतु जाण्यापूर्वी स्वतःच्या घरचा स्वयंपाक उरकून घेत. हा क्रम त्यांच्या थोरल्या मुलाला, विनायकाला, खटकला. परोपकारास निघालेली आई आधी आपल्या मुलांची सोय पाहते हा त्याला उघड स्वार्थ वाटला, आणि मनात येईल ते बोलून दाखविण्याची खोड असल्यामुळे त्याने तो आरोप आईच्या तोंडावर केला. आईचे उत्तर साधे होते. त्यांचे अन्न आधी शिजवून ठेवले तर जेवणवेळेपर्यंत ते निवून जाईल. म्हणून आपले आधी करायचे आणि त्यांचे मागाहून, म्हणजे त्यांच्या पानात ते गरम पडेल. निवलेले अन्न आपल्या माणसांनी खावे, ही त्या हिशेबातली दुसरी बाजू त्यांनी बोलूनही दाखविली नाही.

हा विनायक म्हणजे पुढचे आचार्य विनोबा भावे. त्यांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, पेण तालुक्यातील गागोदे या गावी झाला. वडील नरहरपंत बडोद्यास नोकरीला असल्यामुळे पुढे बिऱ्हाड तिकडे गेले. रुक्मिणीबाईंनी संस्था काढली नाही, सभा गाजविली नाही, आणि कोणत्याही सरकारी दप्तरात त्यांच्या कार्याची नोंद असण्याचा संभव नाही. त्या आपल्याला ज्ञात आहेत त्या केवळ मुलाने आयुष्यभर प्रसंगाप्रसंगाने काढलेल्या आठवणींतून. आणि त्या आठवणींचे वैशिष्ट्य असे, की त्यांत मातृप्रेमाचे गहिवर फार थोडे आणि आईच्या आचरणातील बारकावे फार आहेत. मातेच्या कष्टांविषयी आपल्याकडे उदंड लिहिले गेले, तथापि त्या कष्टांमागे एक विचार असतो, इतरांची गरज नेमकी काय आहे हे ओळखण्याची चिकाटी असते, याकडे आपले लक्ष क्वचित जाते. म्हणून भावे कुटुंबातील या लहानसहान हकिकती मला मोलाच्या वाटतात.

त्या घरात एखादा गरीब विद्यार्थी बहुधा जेवावयास असेच. आदल्या दिवशीचे अन्न उरले तर ते टाकून द्यायचे नाही, हा दंडक. मात्र ते शिळे अन्न रुक्मिणीबाई स्वतः घेत किंवा विनायकाला वाढीत, त्या विद्यार्थ्याच्या पानात कधीही पडू देत नसत. सर्वांना समदृष्टीने पाहावे असे सांगणारी आई प्रत्यक्ष पंक्तीत भेद करते, हे तर्कप्रिय मुलाने तत्काळ हेरले आणि तिला कोंडीत पकडल्याच्या समाधानात विचारलेही. यावर रुक्मिणीबाईंनी भेद नाकारला नाही. तू मला मुलगा दिसतोस आणि तो अतिथी मला देवाच्या ठिकाणी आहे, तुझ्याविषयीची माझी आसक्ती अजून सुटलेली नाही, तूही ज्या दिवशी मला देवरूप दिसशील त्या दिवशी हा भेद राहणार नाही, अशा आशयाचे त्यांचे उत्तर होते. आसक्ती आहे हे कबूल करावे आणि तिचा भार परक्या मुलावर न टाकता पोटच्या मुलावर टाकावा, ही नीती कोणत्या ग्रंथातून उचललेली असेल असे मला वाटत नाही. ती रोज वाढता वाढता हाताला लागलेली असावी.

दारी आलेल्या धडधाकट भिकाऱ्याला भिक्षा घातल्याने आळसाला उत्तेजन मिळते, असा वाद विनायकाने एकदा मांडला होता. अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यात तथ्य नव्हते असे नाही. पण दारात उभ्या असलेल्या माणसाची पात्रता ठरविणारे आपण कोण, या आईच्या प्रश्नाला तोड काढता आली नाही, असे विनोबांनी पुढे प्रांजळपणे सांगितले आहे. फणस फोडला की पहिले गरे मुलांच्या हातून शेजारीपाजारी जात. घरच्यांचा वाटा मग. देतो तो देव आणि राखतो तो राक्षस, एवढे एक वाक्य त्या मुलांच्या कानांवर इतक्या वेळा पडले की त्यासाठी निराळा संस्कार करण्याची गरज उरली नाही.

हे सर्व करणाऱ्या बाईचा दिवस कसा जात असेल, याची कल्पना ज्यांनी चुलीवरचे घर पाहिले आहे त्यांना सांगावयास नको. काम करताना त्यांच्या तोंडी भजने असत, त्यांत कानडीही असत. त्यांत त्या इतक्या रंगून जात की भाजीत मीठ दोनदा पडे, नाहीतर मुळीच पडत नसे. नैवेद्याआधी चव घेणे त्यांना वर्ज्य होते, आणि विनायक सर्वांआधी जेवून जाई, पण त्याला ते जाणवत नसे किंवा जाणवले तरी तो बोलत नसे. तक्रार होई ती मागाहून जेवणाऱ्या वडिलांच्या पानावर. सर्वांची जेवणे झाल्यावर, स्वतः जेवण्यापूर्वी, त्या देवापुढे बसत, पूजा आटोपून दोन्ही कान धरीत आणि दिवसभराच्या अपराधांची क्षमा मागताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत असे. एकदा त्यांनी देवाला लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला व त्या रोज एकेक दाणा मोजू लागल्या. हिशेबी नरहरपंतांनी सुचविले, की तोळाभर तांदळांतील दाणे मोजून त्या प्रमाणात वजन करावे म्हणजे काम लवकर होईल. पण येथे मुलगा आईच्या बाजूने उभा राहिला: हा गणिताचा प्रश्न नव्हे, दाण्यागणिक होणारे ते स्मरण आहे. प्रत्येक गोष्टीत आईशी वाद घालणारा हा मुलगा तिच्याकडून नकळत किती घेत होता, हे या प्रसंगात दिसून येते.

1915 च्या सुमारास रुक्मिणीबाई गीतेवरील प्रवचनास जाऊ लागल्या आणि संस्कृत कळत नसल्यामुळे त्यांनी मराठी गीता मागितली. विनायकाने गद्य भाषांतर आणले. त्यांना पद्य हवे होते. वामन पंडितांची समश्लोकी आणली. ती कठीण वाटली. तेव्हा, मग तूच का करीत नाहीस, असे त्यांनी सहज म्हटले. त्याच सुमारास या मुलाने आपली प्रशस्तिपत्रके आईच्या चुलीत टाकून जाळली. पुढे लागतील, राहू दे, असे म्हणणाऱ्या आईला त्याने सांगितले, की नोकरी करावयाची नाही तर ती ठेवायची कशासाठी. 25 मार्च 1916 रोजी परीक्षेसाठी मुंबईस निघालेला विनायक वाटेत सुरतेस उतरून काशीकडे गेला व जूनमध्ये महात्मा गांधींच्या आश्रमात दाखल झाला. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत, 24 ऑक्टोबर रोजी, रुक्मिणीबाईंचे देहावसान झाले. विनोबा अखेरच्या दिवसांत जवळ होते. आईने सांगितलेली मराठी गीता तिच्या हयातीत झाली नाही. ऑक्टोबर 1930 ते फेब्रुवारी 1931 या चार महिन्यांत वर्ध्याला 'गीताई' लिहून झाली. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी केलेली गीताप्रवचने टिपून घेणारे साने गुरुजी होते. त्यांचीही आई, यशोदाबाई, 1917 च्या नोव्हेंबरात गेली होती, आणि तिच्यावरील 'श्यामची आई' त्यांनी पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात लिहिली. कोकणातल्या दोन अल्पशिक्षित स्त्रियांचे ऋण दोन कैद्यांनी असे फेडले.

18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे दलित कुटुंबांनी विनोबांकडे 80 एकर जमीन मागितली व गावातले जमीनदार रामचंद्र रेड्डी यांनी 100 एकर देऊ केली. त्यानंतर सुमारे 13 वर्षे विनोबा भूमिहीनांसाठी जमिनीचे दान, म्हणजे भूदान, मागत देशभर पायी हिंडले. पुष्कळ दानपत्रे कागदावरच राहिली, पुष्कळ जमीन खडकाळ किंवा वादग्रस्त निघाली आणि वाटपाचे व फेरफाराचे काम रखडले, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि भूदानाची मूळ कल्पना आईच्या उंबरठ्यावरची आहे. तेथे भिकाऱ्याच्या पात्रतेचा वाद घालणारा मुलगा आता स्वतः भिक्षापात्र घेऊन उभा होता, आणि देणाऱ्याची पात्रताही तो पाहत नव्हता. पुढे सर्वोदय पात्राची योजना आली, तेव्हा घरोघरच्या त्या भांड्यात रोज मूठभर धान्य टाकावयाचे ते घरातल्या लहान मुलाच्या हाताने, असा त्यांचा आग्रह होता. शेजारी फणसाचे गरे पोहोचविणाऱ्या मुलाला तो आग्रह सुचणे अगदी स्वाभाविक होते.

येथे एक गोष्ट मी स्पष्ट लिहिली पाहिजे. आईच्या कष्टांचे गोडवे गाऊन ते कष्ट तिच्याच माथी कायम ठेवण्याची वहिवाट आपल्या समाजात फार जुनी आहे, आणि रुक्मिणीबाईंच्या घरीही वाद घालणारे पुष्कळ, पण चुलीपुढे बसणाऱ्या बहुधा त्या एकट्याच होत्या. विनोबांचा मोठेपणा मी मानतो तो यासाठी, की त्यांनी आईची स्तुती करून भागविले नाही. आश्रमात ते दळण दळत, सूत काढीत. पुढे पवनारजवळच्या सुरगाव या खेड्यात रोज जाऊन मैलासफाईचे काम त्यांनी स्वतः केले. 1959 मध्ये पवनारला धाम नदीच्या काठी त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. तेथे अध्ययन, शेती, छपाई, झाडलोट आणि स्वयंपाक ही सारी कामे तेथील भगिनी आपसांत वाटून घेतात, आणि चुलीपुढे बसण्याची पाळी प्रत्येकीवर येते.