कोमोडोची सबुरी, हमिंगबर्डची लगबग

इंडोनेशियाच्या मोजक्या बेटांवर आढळणारा कोमोडो ड्रॅगन हा जगातील सर्वांत मोठा सरडावर्गीय प्राणी. आपल्या घोरपडीचाच हा थोरला भाऊबंद. त्याची लांबी तीन मीटरपर्यंत भरते आणि पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ७० किलोच्या घरात जाते. क्यूबातील ‘बी हमिंगबर्ड’ हा सर्वांत लहान पक्षी जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरचा, वजन दोन ग्रॅमच्या आसपास. एका कोमोडोला तोलण्यासाठी दुसऱ्या पारड्यात असे सुमारे ३५ हजार पक्षी बसवावे लागतील. भुकेचा हिशेब मात्र नेमका उलटा आहे.

कोमोडो हरीण, रानडुक्कर आणि प्रसंगी म्हैसही मारतो. त्याच्या लाळेतील जिवाणूंमुळे सावज दगावते, हा समज दीर्घकाळ रूढ होता. २००९ मध्ये ब्रायन फ्राय व सहकाऱ्यांनी त्याच्या जबड्यात विषग्रंथी असल्याचे दाखवून दिले. एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत मांस तो फस्त करू शकतो. वर्षाकाठी अशा डझनभर जेवणांवर त्याचे भागते. थंड रक्ताच्या या प्राण्याला ऊब सूर्याकडून फुकट मिळते. शरीर तापते ठेवण्यासाठी त्याला अन्न जाळावे लागत नाही.

हमिंगबर्डला ही चैन परवडणारी नाही. शरीर जितके लहान, तितके वजनाच्या मानाने त्याचे पृष्ठफळ अधिक आणि उष्णताही तितक्याच वेगाने निसटते. त्यात सेकंदाला सुमारे ८० वेळा पंख हलवत हवेत स्थिर राहायचे. त्यामुळे दिवसभर या फुलावरून त्या फुलावर मध टिपत हिंडणे, जोडीला बारीक किडे खाणे हाच दिनक्रम. रात्री उपासमार टाळण्यासाठी हमिंगबर्ड कुळातील पक्षी चक्क शरीराचे तापमान उतरवतात, हृदयाचे ठोके मंद करतात. रात्रीपुरते ते जणू सरपटणाऱ्यांच्याच पंगतीला जाऊन बसतात! (मुंबई-पुण्याच्या बागांत ‘हमिंगबर्ड’ म्हणून ज्याचे कौतुक होते तो शिंजीर. हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर आढळत नाहीत.)

दोघेही बेटांवरचे, आणि दोघांचीही जागा आक्रसते आहे. २०२१ मध्ये ‘आययूसीएन’ने कोमोडोची नोंद संकटग्रस्त प्रजातींत केली. वाढते तापमान आणि समुद्रपातळी यांमुळे पुढील ४५ वर्षांत त्याचा किमान ३० टक्के योग्य अधिवास घटेल, असा अंदाज आहे. महिनोन्‌महिने उपाशी राहण्याची ताकद तेथे उपयोगी नाही. क्यूबात शेतीसाठी जंगले तोडली गेली. फुलझाडे विरळ झाली, की दोन ग्रॅमच्या या पक्ष्याची पंचाईत काही तासांतच सुरू होते.