खालच्या हवेचे धक्के

१ मे १९६० रोजी सोव्हिएत क्षेपणास्त्राने अमेरिकेचे यू-२ हे हेरविमान पाडले आणि जितके उंच तितके सुरक्षित, हा बॉम्बफेकी विमानांचा जुना हिशेब मोडला. पृथ्वी गोल असल्याने १०,००० मीटर उंचीवरचे विमान जमिनीवरच्या रडारला सुमारे ४०० किलोमीटरवरून दिसू शकते. तेच १०० मीटरवर उतरले, तर ४० किलोमीटरवर येईपर्यंत क्षितिजाआड राहते. ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर तीन मिनिटांत संपते. म्हणून उंच आकाशासाठी बांधलेली अवजड विमाने खाली आणली गेली. पण किती खाली जायचे आणि तिथे किती काळ राहायचे, हे रडारच्या गणितावर सोडता येत नाही. ते विमानाच्या सांगाड्याला विचारावे लागते.

तापलेल्या जमिनीवरून वर उठणारी आणि डोंगरांवर आदळून घुसळणारी हवा खालून जाणाऱ्या विमानाला सतत धक्के देते. विरळ हवेत तरंगण्यासाठी दिलेले विस्तीर्ण पंख प्रत्येक झोताने जास्त उचलले जातात, आणि वेग वाढेल तसा धक्काही वाढतो. एका धक्क्याने काही तुटत नाही. तार पुन्हापुन्हा वाकवावी तसा धातू थकत जातो. ब्रिटनची व्हॅलियंट विमाने अशीच खाली आणली गेली होती. १९६४ मध्ये त्यांपैकी एकाच्या पंखाचा आधारकणा उड्डाणातच तुटला, तपासणीत इतर विमानांतही तडे सापडले आणि जानेवारी १९६५ मध्ये सगळा ताफा निवृत्त करावा लागला. वापरलेला मिश्रधातूच थकव्याला कच्चा होता, हे खरे. पण आराखड्यात न धरलेले धक्के त्याच धातूवर लादण्याचा निर्णय माणसांचा होता.

निष्णात वैमानिक हे सांभाळून घेईल, असे कुणी म्हणेल. १० जानेवारी १९६४ रोजी अशाच धक्क्यांचा अभ्यास करणाऱ्या बी-५२ या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाची उभी शेपटी अमेरिकेतील डोंगराळ भागात जवळजवळ पूर्ण उखडली. चाचणी वैमानिकांनी ते विमान कित्येक तास उडवून सुखरूप उतरवले. हे कौशल्य विलक्षणच, पण त्याने शेपटी वाचली नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खालच्या उड्डाणासाठीच विमान बांधले तर? अमेरिकेचे बी-१ हे बॉम्बफेकी विमान तसेच होते. मागे वळणारे पंख, नाकाजवळ धक्के शमवणारी छोटी पाती, भूभागाचा चढउतार आपोआप पाळणारे रडार, सगळे त्यात होते, आणि हवेचा प्रश्न त्याने बराच सोडवलाही. तरी सप्टेंबर १९८७ मध्ये कोलोरॅडोत एक पेलिकन पक्षी पंखाच्या मुळाशी आदळला, आतल्या नळ्या फुटून आग लागली आणि सहापैकी तिघे मृत्युमुखी पडले. पक्षीही याच हवेत उडतात. आराखडा करताना त्यांचा आघात पुरेसा धरला नव्हता. उरलेल्या विमानांचे नाजूक भाग मजबूत होईपर्यंत त्यांच्या खालच्या उड्डाणांवर बंधने आली.