पटकथालेखनाची पहिली वर्षे

चित्रपटाचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींच्या पालकांना एकच चिंता असते: लेखनावर पोट भरेल काय? आरंभी बहुधा नाही. पडद्यावर नाव येण्यापूर्वी लिहिलेली बहुतेक पाने कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीत.

तथापि, आरंभासाठी मुंबईच गाठावी लागते असे नाही. नागराज मंजुळे यांनी अहमदनगरला शिकत असताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या पारधी मुलाच्या त्या कथेस राष्ट्रीय पुरस्कार लाभला. ‘फँड्री’ त्यानंतरचा, २०१३ चा.

पटकथेत केवळ दिसणारे व ऐकू येणारे लिहावयाचे असते. ‘त्याला अपमान वाटला’ हे वाक्य तेथे निरुपयोगी. तो भरले ताट बाजूला सारतो, हे चित्रित होते. साधारणतः एक पान म्हणजे पडद्यावरील एक मिनिट.

नवोदितांची खरी फसगत होते ती कागदपत्रांत. नुसत्या कल्पनेला स्वामित्वहक्काचे संरक्षण नाही, लिहिलेल्या मांडणीला आहे. म्हणून निर्मात्याला कथा ऐकविण्यापूर्वी ती लिहून मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवावी; ही नोंद म्हणजे तारखेचा पुरावा. चित्रपटगृहाबाहेर होणाऱ्या वापराच्या स्वामित्वधनातील लेखकाचा वाटा, २०१२ च्या कायदादुरुस्तीनुसार, त्याला निर्मात्याच्या पदरात टाकता येत नाही. तरीही पहिल्या आगाऊ रकमेच्या आनंदात करार न वाचताच सही करणारे पुष्कळ. आपल्या माजी विद्यार्थ्यांत वकील आहेत. सहीपूर्वी तो कागद त्यांना अवश्य दाखवावा.