पोटदुखीच्या आडून

विद्यापीठाच्या बालमानसिक आरोग्य उपक्रमाचा गावसंपर्क माझ्याकडे आहे. नाव भारदस्त, काम अंगणवाडीच्या ओट्यावर बसण्याचे. तिथे ‘मानसिक’ म्हटले की बायका पदर सावरून उठतात. म्हणून मी विचारते, ‘‘शाळेच्या वेळेला कुणाचं पोट दुखतं का हो?’’ मग तोंडे उघडतात. पोट डॉक्टरांना दाखवावेच. पण सोमवारी दुखून रविवारी थांबणारे पोट पुष्कळदा धास्तीचे असते.

परवा एका आईने हळूच विचारले, ‘‘नाव कुठं लिहिणार का? उद्या पोरीचं लग्न जमवायचंय.’’ पोर नऊ वर्षांची! २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, हे सांगितले. तिची नजर शेजारणीवर. शेवटी आशाताईंच्या घरी, दार लोटून, ती बोलली. गुरुवारी मायलेकी यायच्या आहेत, एस.टी.च्या भाड्याची तजवीज तेवढी बाकी आहे.