बीबरकोफची शपथ

बर्लिन शहरात आलेक्सांडरप्लात्झ नावाचा एक गजबजलेला चौक आहे. आल्फ्रेड डोब्लिन या जर्मन लेखकाने १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या कादंबरीला त्या चौकाचेच नाव दिले : ‘बर्लिन आलेक्सांडरप्लात्झ’. आता, गोष्ट एका माणसाची असताना नाव चौकाचे का, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर कादंबरीतच आहे.

डोब्लिन पेशाने डॉक्टर. पूर्व बर्लिनच्या कामगारवस्तीत त्यांचा दवाखाना होता. पहिले महायुद्ध संपले होते, चलनाची पडझड होऊन लोकांची पुंजी मातीमोल झाली होती, आणि ४० लाख वस्तीच्या त्या शहरात कामासाठी वणवण करणाऱ्यांना तोटा नव्हता.

कादंबरीचा नायक फ्रान्झ बीबरकोफ हा असाच एक धट्टाकट्टा मजूर. रागाच्या भरात त्याने आपल्या प्रेयसीचा जीव घेतलेला. चार वर्षांची शिक्षा भोगून तो टेगेलच्या तुरुंगाबाहेर येतो, आणि तिथेच थबकतो. ट्रामगाड्या येतात, जातात. त्याचे पाऊल काही उचलत नाही. घरांची छपरे घसरून खाली येतील की काय, अशी त्याला धास्ती वाटते. आत निदान उद्या काय करायचं ते ठाऊक होतं. बाहेर तेही नाही!

अखेर तो शपथ घेतो : यापुढे सरळ वागायचं. नेकटायच्या पिना, वर्तमानपत्रे, बुटांच्या नाड्या, मिळेल ते विकून तो पोट भरू लागतो. पण त्याला एकामागून एक तीन तडाखे बसतात. पहिल्यांदा जोडीदार दगा देतो. मग राइनहोल्ड नावाचा गुंड त्याला धावत्या मोटारीतून ढकलतो आणि त्याचा उजवा हात जातो. शेवटी हाच राइनहोल्ड बीबरकोफच्या मिट्सेचा खून करतो.

मग शपथेचं काय झालं? डोब्लिन बीबरकोफला निर्दोष ठरवीत नाहीत. आपण चांगले वागलो की जग आपोआप चांगले वागेल, आणि आपल्याला कुणाची गरज नाही, ही त्याची घमेंड होती. राइनहोल्डचा स्वभाव दिसत असूनही तो त्याच्यामागे गेला.

हे सांगण्याची रीतही वेगळी आहे. निवेदन चालू असताना मध्येच ट्रामचे थांबे, हवामानाचे अंदाज, जाहिराती, गाण्यांचे तुकडे, बायबलातील ईयोबाची कथा घुसतात. कत्तलखान्यात किती गुरे आली त्याचे आकडे येतात. चौकात भुयारी रेल्वेसाठी खांब ठोकणारे यंत्र दणदणत राहते. वाचक प्रथम गोंधळतो. पण बीबरकोफच्या कानांवर तरी दुसरे काय पडत होते? एकट्याचा आवाज जिथे बुडून जातो, तिथे नाव चौकाचेच शोभते.

या गोष्टीवरून डोब्लिन यांनी एक नभोनाट्यही लिहिले. ३० सप्टेंबर १९३० रोजी ते बर्लिनहून प्रक्षेपित व्हायचे होते. पण आयत्या वेळी ते रद्द झाले. त्याच महिन्यातील निवडणुकीत नाझी पक्षाच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या होत्या. १९३३ साली यहुदी असलेल्या डोब्लिन यांना देश सोडावा लागला, त्यांची पुस्तके जाळण्यात आली. नभोनाट्याचे ध्वनिमुद्रण मात्र वाचले, आणि ते आजही ऐकता येते.

कादंबरीच्या शेवटी बीबरकोफ वेड्यांच्या इस्पितळातून बाहेर पडून एका कारखान्याच्या फाटकावर मदतनीस म्हणून उभा राहतो. नोकरी साधी, हात एकच. पण आता त्याला दोन गोष्टी उमगल्या आहेत : माणसाला माणसांची सोबत लागते, आणि ती डोळे उघडे ठेवूनच धरावी लागते. रस्त्यावरून नगारे वाजवीत लोक चालले, तरी कुठे चाललेत ते पाहिल्याशिवाय तो आता त्यांच्यामागे जाणार नाही. ही कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर चारच वर्षांत त्याच रस्त्यांवरून लाखो लोक नगाऱ्यामागे चालत गेले.