वातावरणाची चाळणी आणि जंबुपार चमक

वीज कडाडली म्हणजे कधी कधी सुमारे ९० किलोमीटर उंचीवर एक प्रकाशवलय उमटते व एक सहस्रांश सेकंदाच्या आतच विरते. विजेचा विद्युच्चुंबकीय स्पंद आयनांबरास भिडतो, तेथील इलेक्ट्रॉन वेग घेतात आणि त्यांच्या आघाताने नायट्रोजन दीप्त होतो. या वलयास इंग्रजीत 'एल्व्ज' म्हणतात. मात्र हे नाव आद्याक्षरे मुद्दाम जुळवून केलेले असल्याने 'पऱ्या' हे भाषांतर व्यर्थ होय.

या दीप्तीचा १८० ते २३० नॅनोमीटरांचा जंबुपार अंश वाटेतला प्राणवायू शोषून घेतो. भूमीवरून तो दिसत नाही. परंतु त्याच शोषणामुळे ढगांतील विजेचा जंबुपार प्रकाशही वर पोहोचत नाही. अवकाशातून या पट्ट्यात जे दिसते ते बहुधा उंचावरचेच, असे म्हणता येते. अडचणीचीच येथे चाळणी झाली.

२०१८ साली आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर बसविलेल्या 'एसिम'चे प्रकाशमापक सेकंदाला १,००,००० नोंदी घेतात. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी नाउरू बेटानजीकच्या मेघात त्यास पाच निळ्या चमका आढळल्या, प्रत्येकी सुमारे १० मायक्रोसेकंदांच्या. एकीतून निळा झोत स्थितांबरात गेला. चारींसमवेत जंबुपार वलये होती. केवळ निळ्या पट्ट्यात पाहिले असते, तर मेघातील चमक व आयनांबरातील वलय यांची फोड करणे कठीणच होते.